झोपलेल्याला हाक

१

सुजयची थर्ड शिफ्ट असली की सगुणाच्या घरात सकाळी नऊलाच रात्र व्हायची. खिडकीला गोधडी अडकवायची, दार लोटून आतून कडी घालायची ती आवाज न करता, आणि भांडी घासायला मागच्या मोरीत न बसता चाळीच्या नळावर जायचं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्या चाळीत खोली एकच. अर्ध्या खोलीत नवरा झोपलेला आणि उरलेल्या अर्ध्यात सगुणा, दहा महिन्यांची मनस्वी नि सगळा संसार.

काळजी करणं हे सगुणाचं दुसरं घरकामच होतं म्हणा ना. नवरा पूल ओलांडून कंपनीत गेला की तिथं त्याच्या अंगावर काही उडेल याची काळजी. पोर झोपली की फार वेळ झोपली याची, आणि उठली की लवकर उठली याची. झोपलेल्या मनस्वीच्या नाकाखाली ती दिवसातून दहादा बोट धरून बघायची. सुजयनं एकदा ते पाहिलं नि म्हणाला, "अगो सातवी पास, श्वास घ्यायला ती काय तुझी परवानगी मागते काय?"

"तुमचं बरं हाय. पडलात का घोरलात."

घोरणं मात्र खरंच होतं. मिठागरावर पाणी चढवायच्या इंजिनासारखं त्याचं घोरणं आधी दोन-तीनदा अडखळायचं, मग एका लयीत सुरू व्हायचं. पलीकडच्या खोलीतल्या बायजाबाई म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याचा पंप चालू झाला का माझी पाठ टेकते बघ." सगुणाला ते ऐकताना मनातून बरं वाटायचं. तेवढा वेळ तरी नवऱ्याची काळजी नको. आवाज येतोय म्हणजे माणूस आहे.

२

पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते फाल्गुनात.

सुजयचं घोरणं नुकतं लयीला लागलं होतं. मनस्वी चटईवर बसून वाटी आपटत होती ती एकदम थांबली. तिनं बापाकडे पाहिलं, मग मान हळूहळू वळवत दाराकडे पाहिलं आणि पंजा उघडत-मिटत टाटा केला. बाप कामावर निघाला की करायची अगदी तसाच.

सगुणानं दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती.

पोरं काय कशालाही टाटा करतात. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. दुपारी दोनच्या सुमाराला मनस्वीनं बंद दाराकडे बघून दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. तोंडभर हसली. तिची नजर दारापासून निघाली ती चटईवरून, चुलीवरून, बापाच्या अंथरुणापर्यंत आली. आणि सुजय कुशीवर वळून म्हणाला, "चहा ठेव गो."

सगुणानं विचार करून पाहिला. घोरणं थांबत असेल, त्यावरून पोरीला कळत असेल. मग ती मुद्दाम कान देऊन बसली. तर नाही. हात वर व्हायचे तेव्हा घोरणं चालूच असायचं.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर फार नाही. उलट सोय झाली. पोरीनं हात वर केले की सगुणा आधण ठेवायची, आणि नवरा डोळे चोळत उठतो तो चहा तयार. सुजय चकित. तिनं शेवटी एकदा सांगून टाकलं, तर तो पोट धरून हसला.

"मंग तिलाच विचार ना मी कुठं जातो ते."

"तुम्हीच सांगा. स्वप्नात कुठं होतात?"

"तुझ्या आईच्या मिठागरावर. बांधावरनं चाललो होतो. सासूबाई म्हणाल्या, जावई आला पण हात हलवत आला, रोह्यासनं काय खाऊ नाय आणलान."

तो चेष्टाच करत होता. पण त्यानंतर नवरा झोपला की सगुणा त्याच्याकडे बघत बसू लागली. सातवीच्या पुस्तकात फुप्फुसं होती, हृदयाचे चार कप्पे होते, कातडीचे थरसुद्धा होते. झोपलेला माणूस कुठे असतो, त्याचा धडा नव्हता. मनगट गरम, छाती वरखाली, आणि आत बघावं तर घर उघडं टाकून मालक बाहेर गेलेला. तरी त्याला परतीची वाट बरोबर सापडते, रोज, न चुकता. आपल्यालाही सापडत असणार. पोरीलाही. याचंच नवल करावं, असं तिला वाटायचं, आणि असं वाटलं की घटकाभर काळजी दूर व्हायची.

३

चैत्रात सगुणाच्या भावाचं, विठूचं, लग्न झालं. तिचं माहेर पेणच्या पलीकडे, धरमतर खाडीच्या काठी. घरामागे खाजण, भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन, आणि खाजणाला लागून मिठागर. तिची आई इंदुबाई अजून मीठ ओढायला जात होती.

मिठागराची माणसं काम करतात ती पहाटे नि उन्हं कलल्यावर. मधल्या दुपारी मीठ पिकायच्या पांढऱ्याशुभ्र कोंड्यांवरून ऊन असं उलटं फिरतं की डोळा उघडता येत नाही. तेव्हा सगळे बांधावरच्या खोपीत जाऊन आडवे होतात. आणि तिथं एक रीत आहे. खोपीत झोपलेल्याला हाक मारून उठवायचं नाही. पायाशी बसायचं, अंगठा धरायचा आणि माणूस आपणहून वळेपर्यंत थांबायचं. का, ते कुणी सांगत नाही. सगुणा पाच वर्षांची असल्यापासून तिनं हेच पाहिलं होतं. आई अर्धा-अर्धा तास बापाचा अंगठा धरून बसलेली असायची आणि बाहेर कामाचा खोळंबा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून सुजय दुपारचा खोपीत जाऊन झोपला. रात्री त्याला थर्ड शिफ्ट होती. पेणहून साडेतीनची रोह्याची एसटी गाठायची होती, आणि पेणला नेणारी सहा आसनी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तीन वाजून गेले होते. रिक्षावाला भोंगा वाजवू लागला. विठू ओरडू लागला, "ताय, तो निघाला गो!"

सगुणा मनस्वीला कडेवर मारून बांधावरून धावत सुटली. पाय घसरत होते, पोर गदगदत होती. खोपी अजून पन्नास पावलं लांब. तिला आतून घोरणं ऐकू येत होतं. एवढ्यात जाऊन, बसून, अंगठा धरून कसं व्हायचं? शिफ्ट चुकली तर सुपरवायझर काय म्हणेल? तिनं बांधावरूनच मोठ्यानं हाक मारली.

"अवो, उठा! गाडी चालली! उठा लवकर!"

घोरणं तोडल्यासारखं थांबलं. सुजय चपला हातात घेऊन बाहेर आला आणि तिच्या पुढे चालू लागला. काही बोलला नाही. एरवी म्हणाला असता, सासूरवाडीला झोपूपण देत नाय तुम्ही लोकं.

मनस्वीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या खांद्यावरून ती मागे बघत होती, खोपीच्या दाराकडे, आणि तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते. एसटीत ती मागच्या काचेकडे तोंड करून रडत राहिली. रामवाडी मागे पडली, हायवे लागला, तरी थांबेना.

४

घरी आल्यावर सगळं ठीक होतं. ठीकच्याही वर होतं.

सुजय वेळेवर उठे, वेळेवर जाई. पाणी भरून ठेवी. पत्ते कुटायला जाणं बंद झालं. त्याचा आवाज चढला नाही की कपाळावर आठी आली नाही. बायजाबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नशीब काढलंन हो हिनं. आमचे हे बघा, चहात साखर कमी पडली तर अख्ख्या चाळीला कळतं."

सगुणा हसली. हसली, पण बादली भरून वाहू लागली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

कारण सुजय घोरत नव्हता. नऊ वाजता अंथरुणावर पडायचा तो लाकडासारखा, उताणा, हात कडेला, आणि दोन वाजता तसाच उठायचा. कूस नाही, चादरीला सुरकुती नाही. मनस्वी टाटा करत नव्हती आणि हातही वर करत नव्हती. बाप खोलीत असला की ती सगुणाच्या पायाला बिलगून बसायची, रिकाम्या खोलीत एकटं ठेवल्यावर बसावं तशी.

थकला असेल. कंपनीतल्या वासानं डोकं जड होत असेल. तिनं त्याला बळे डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, डोळे ताणून बघितले, म्हणाले, "याच्यासारखी तब्येत माझी असती तर!"

मग एक दिवस सगुणानं आमटीत मीठ घातलं नाही. आधी अशी चूक झाली असती तर सुजयनं ताट वाजवून चाळ गोळा केली असती, या हो या, मिठागरवाल्याची पोर नि अळणी आमटी, बघून घ्या. तो मुकाट्यानं जेवला. दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर मीठ घातलं. तिला स्वतःला तो घास गिळवेना. सुजयनं भात कालवला, सगळा खाल्ला, ताट धुऊन ठेवलं.

"आमटी कशी झालीवती?" तिनं विचारलं.

"बरी होती."

ती त्याच्या शेजारी बसली. "हल्ली स्वप्न सांगत नाय तुम्ही. पडत नाय काय?"

तो विचार करत राहिला. एखाद्या पेटीत हात घालून चाचपावं नि काहीच हाताला लागू नये, तसा. मग त्यानं तिलाच विचारलं, अगदी सरळपणे:

"पडतात काय?"

५

ती मनस्वीला घेऊन एकटीच माहेरी गेली. सुजयला म्हणाली, आईकडे जाऊन येते. तो म्हणाला, जा. कशाला, कवा येशील, काही नाही.

इंदुबाई ओट्यावर सुकट निवडत होती. सगुणानं सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच वाटत होतं, हे काय बोलतोय आपण? नवरा भांडत नाही, दारू पीत नाही, घोरत नाही, अशी तक्रार घेऊन कुठली बाई माहेरी येते?

इंदुबाई हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"बांधावरनं ओरडलीस?"

"गाडी चुकली असती गो आये."

"चुकली असती तर दुसरी आली असती." मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हणून दुपारची खोपीत कोणी जात नाय आता. विठू गेलता पहिल्यांदा, तसाच माघारी आला. म्हणतो, आत कोणतरी घोरतंय नि चटई तर मोकळी. मी म्हटलं वारा असंल. मग मी पण गेले."

"नि?"

"नि काय. घोरणं मला वळखू येत नाय काय जावयाचं? लग्नात तीन दिवस ऐकलंय."

मनस्वी ओट्याच्या कडेला धरून उभी राहिली होती आणि मिठागराकडे बघून आनंदानं किंचाळत होती.

"जा. पायाशी बस," इंदुबाई म्हणाली. "हाक नको. उठंल तवा उठंल, आपसुक येईल तुझ्यामागनं. एसटी गेली तर जाऊं दे, पन दम धर. नि तू नको डोळा लावूस तिकडं. बारकी होतीस तवा खोपीत पाय टाकला का आडवी व्हायचीस."

६

बांधावर कोणी नव्हतं. दोन्हीकडे मिठाच्या राशी, आणि ऊन असं की स्वतःची सावली पायाखाली जाऊन बसलेली. सगुणाला खोपीच्या तोंडाशीच घोरणं ऐकू आलं. तिचे डोळे भरून आले. दीड महिना झाला होता तो आवाज ऐकून.

आत जाताच काही दिसेना. बाहेरच्या पांढऱ्या उजेडानं डोळे दिपलेले. मनस्वी मात्र कडेवरून झेप घेऊ लागली, हात वर करून, खिदळत.

हळूहळू अंधार निवळला. चटई दिसली. चटईवर अंथरलेली पोती दिसली, मधोमध दबलेली, कुणी भारी माणूस पडला असावा तशी. वर कुणी नव्हतं. सगुणानं नजर चटईच्या टोकापर्यंत नेली आणि तिथं, फक्त तिथं, दोन तळवे होते. मिठानं पांढरे पडलेले, टाचेला भेग पडलेले. डाव्या पायाच्या करंगळीवर, कंपनीत ड्रमचा पत्रा लागला होता त्याची जुनी खूण. सुजयचेच.

ती किंचाळली नाही. तिला वाटलं होतं आपण किंचाळू. ती पायाशी बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि चाचपडत हात पुढे केला. अंगठा हाताला लागला. ऊन होता.

मग थांबणं. साडेतीनची गाडी गेली असेल. खोपीच्या फटींतून खारा वारा येत होता. घोरणं लयीत चाललेलं. मनस्वी खेळता खेळता मांडीवर कलंडली. सगुणाला आठवलं, या दीड महिन्यात आपण सलग दोन तास झोपलो नाही. नवऱ्याच्या नाकाखाली बोट धरायचं, मग पोरीच्या. आता बोट धरायला नको. आवाज येतोय, माणूस आहे. पाठीला कुडाचा टेका होता. इतकं बरं तिला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं. डोळे नुसते मिटायचे, झोपायचं नाही, असं तिनं ठरवलं.

बांधावर गार वारा सुटला होता. सुजय पुढे चालला होता, शीळ घालत. तो मागे न बघताच म्हणाला, "आलीस व्हय सातवी पास? दीड महिना लावलास पेणपर्यंत यायला. एसटी ढकलत आणलीस काय?"

"तुम्हालाच उठवायला आले ना," ती म्हणाली आणि हसत सुटली, हसता हसता तिला चालवेना. तो थांबला. दोघं बरोबर चालू लागली. बांध लांबच लांब होता, खाडीपर्यंत, आणि पाय मुळीच दुखत नव्हते. किती हलकं वाटतंय, ती म्हणाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कडेवर कुणी नाही.

मागे, फार लांब, एक पोर रडत होती.

"येते गो बाय," सगुणा म्हणाली आणि वळली. पण रडणं कर्कश झालं, अंगावर धावून आल्यासारखं, आणि वळून एक पाऊल टाकायच्या आतच

मनस्वी रडत होती. घामेजली होती, आईचे केस दोन्ही मुठींत धरून ओढत होती. पोरीच्या रडण्यानं आईला जाग यायचीच. सगुणा ताडकन उठून बसली.

चटई मोकळी होती. तिनं पदर खोचला, पोरीला उचललं आणि बांधावरून घराकडे चालू लागली.

७

पाचची एसटी मिळाली. खिडकीजवळची जागाही मिळाली.

आता सगळं बरं आहे. इंदुबाईनं विचारलं होतं, उठला काय गो, आला काय मागनं? सगुणा म्हणाली, बरं हाय सगळं. इंदुबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं तोंडाला पदर लावला. कशाला ते सगुणाला कळलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

सुजय येतो, जेवतो, झोपतो. सगुणा गोधडी अडकवते, कडी घालते. खोलीत आवाज म्हणून नसतो. पोरीच्या नाकाखाली बोट धरायला लागत नाही, ती झोपते तेव्हा झोपते. दूध उतू गेलं तर पुसून घ्यायचं. पूर्वी आपण एवढं काय मनाला लावून घेत होतो, असं कधी तिच्या मनात येतं आणि निघून जातं.

बायजाबाई म्हणतात, "तुमच्या दाराशी उभं राहिलं का देवळात आल्यागत वाटतं बाय, इतकी शांती." हल्ली मात्र त्या आत येत नाहीत.

मनस्वी आता भिंतीला धरून चालते. दुपारी ती उंबऱ्याशी जाऊन बसते आणि रस्त्याकडे बघत राहते, जिकडून पेणची गाडी येते तिकडे. उचलून आत आणलं तर पुन्हा जाते. काल दोघं जेवायला बसली होती. पोर उंबऱ्यावर, त्यांच्याकडे पाठ करून. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

"ऐकलंत?" सगुणा म्हणाली. "बोलली."

"हां," सुजय म्हणाला. "बोलली."

मनस्वीनं आणखी एकदा हाक मारली, मोठ्यानं. सगुणानं त्याला भात वाढला, मग स्वतःला घेतला, आणि दोघं शांतपणे जेवू लागली.